अंथरूण न मोडता केलेला आराम

"निळीचा हात जरा जास्तच पडलाय."

माझ्या कानापासून वीतभर अंतरावर कुणीतरी पुटपुटलं. मी एक डोळा किलकिला करून पाहिलं. आमचे हे पलंगावर उठून बसले होते आणि हॉटेलच्या उशीचा अभ्रा खिडकीच्या उजेडात धरून तपासत होते. खिडकीबाहेर अख्खा समुद्र पसरला होता, निळाशार! पण ह्यांना निळाई दिसली ती अभ्र्यात.

"काही म्हणालात?"

"छे! छान आहे म्हटलं. सगळंच छान आहे."

"हो ना! किती छान!" असं म्हणून मी कूस बदलली. खोटं बोलताना मला कूस बदलायची सवय आहे.

आता तुम्ही म्हणाल, नारळाच्या झाडांखालची टुमदार झोपडी, समोर पांढरी वाळू, जेवायला आयतं ताट, यात खोटं बोलण्यासारखं काय आहे? सांगते. आमची लाँड्री आहे. लग्नानंतर वर्षभरात आम्ही दोघांनी मिळून काढलेली. हे इस्त्रीला आणि मी धुण्याला. आमच्या लेकीचा पाळणासुद्धा परीटघडीच्या कपड्यांच्या दोन ढिगाऱ्यांमध्ये टांगलेला असायचा. तर या लेकीने आता ठरवलं होतं, की आईबाबांनी पुरे करावं. ह्यांची कंबर धरते, माझे गुडघे कुरकुरतात. म्हणून तिने आणि जावयाने आम्हाला या बेटावर पाठवलं, आणि बोटीत बसवताना अट घातली, "आठवडाभर हाताची घडी घालून राहायचं. कामाला हात लावायचा नाही. हे जमलं ना, की परत आल्यावर दुकानाला कायमचं कुलूप!"

हे माझ्या गुडघ्यांकडे बघून "चालेल" म्हणाले. मी ह्यांच्या कमरेकडे बघून "चालेल" म्हणाले. आणि शेजारणीला तर मी छातीठोकपणे सांगून आले होते, "आराम म्हणजे काय, ते आमच्याकडून शिकावं लोकांनी!"

तर शिकवायला सुरुवात पहिल्याच संध्याकाळी झाली.

खोलीत शिरलो तर पलंगावर पांढरीशुभ्र चादर, टाचणी टाकली तर उडून परत वर येईल अशी ताणलेली. आणि मधोमध टॉवेलांचा बनवलेला हंस! मी पिशवी खाली ठेवायच्या आधी म्हणाले, "अहो, पायाला वाळू आहे. चादरीवर बसू नका!"

"वेडी का काय? मी बसेन?" हे दारातच एका पायावर उभे होते. करकोच्यासारखे.

पांढऱ्या चादरीतून वाळू आणि खोबरेल तेल काढणं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच माहीत! कुठल्यातरी बिचाऱ्याच्या हाताची सालटी जाणार, हा विचार करून आम्हाला झोप लागेना. शेवटी मी घरून आणलेली आमची फुलाफुलांची चादर पलंगावर पसरली, तिच्यावर आम्ही झोपलो. सकाळी ती घडी करून परत पिशवीत, पिशवी कपाटात. अंगाला घरचेच टॉवेल. न्हाणीघर वापरून झालं की मी पुसून कोरडं करायची. आणि चपला? चपलांनी वाळू आत येते, म्हणून त्या आम्ही बाहेरच ठेवायचो, पाण्याच्या अलीकडे, एका खडकाजवळ. जोडीला जोड लावून. अनवाणी फिरायचो. वाळूत पायांना बरंही वाटतं.

हंसाला मात्र ह्यांनी हात लावला. मान कशी वळवलीय ते कळेपर्यंत ह्यांना चैन पडेना. उलगडला, पुन्हा घडी घातली, पुन्हा बसवला. "बघ, मूळच्यापेक्षा मान ताठ आहे!" म्हणाले. आहे खरी ताठ. फक्त मूळचा डावीकडे बघत होता आणि हा दाराकडे.

हंस करणारा गृहस्थ रोज सकाळी खोली आवरायला यायचा. भारदस्त मिशा, हातात झाडू. त्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून आम्ही तो यायच्या आधीच बाहेर पडायचो. इतका आमचा विचारीपणा!

आता बाहेर पडून करायचं काय? समुद्र बघायचा. बघितला. तो आला, गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. कपडे खळबळण्यासारखंच चाललं होतं, पण निघत काही नव्हतं.

"मजा येतेय ना?" हे विचारायचे.

"खूपच! आणि तुम्हाला?"

"मला तर काय, भलतीच!"

आणि मग दोघंही हात कुठे ठेवावेत ते न कळून ते मांडीखाली घेऊन बसायचो.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे उठले. "जरा पलीकडच्या लाटा बघून येतो."

"इकडच्या काय वाईट आहेत?"

"त्या झाल्या बघून!"

गेले आणि चांगले तीन-चार तासांनी आले. चेहरा तुकतुकीत, शिट्टी वाजवत! आणि कपड्यांना वास कसला, तर खळीचा. मी ओळखणार नाही होय? जन्मभर त्या वासाशेजारी झोपलेय. पण विचारलं नाही. कारण चोराच्या मनात चांदणं! माझंही एक चाललं होतं.

झालं होतं असं, की काठावरच्या आरामखुर्च्यांवर लोक ओले टॉवेल बोळे करून टाकून जायचे. बोळे! पहिला मी नुसता झटकला. दुसऱ्याची घडी केली. तिसऱ्याला हात लावेपर्यंत एक गोरटेली मुलगी येऊन म्हणाली, "मावशी, एक कोरडा द्या ना!" मी दिला. मग काय विचारता! रांगच लागली. कोरडे इकडे, ओले तिकडे, वाळूचे वेगळे. दुसऱ्या दिवशी खुद्द मॅनेजर, गळ्यात शिट्टी आणि खिशाला फोन अडकवलेला धावपळ्या माणूस, जाता जाता म्हणाला, "वा मावशी! जरा पलीकडची रांगही बघा!" मला इतका आनंद झाला, की आपण पाहुणे आहोत हे सांगायचंच राहिलं. ह्यांच्यापासून मात्र लपवलं. त्यांना खरोखरच आराम मानवत होता ना! शिट्टी वाजवणाऱ्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचं, की मला दुकानाची आठवण येते?

चौथ्या दिवशी मात्र गडबड झाली. दुपारपर्यंत कोरडे टॉवेलच येईनात. लोक ओलेचिंब कुडकुडत उभे. "मावशी, टॉवेल संपले?" "मावशी, हे काय हॉटेल म्हणायचं?" मी सगळ्यांना "येतील हं बाळांनो" म्हणत होते, तेवढ्यात जोरात शिट्टी वाजली.

मॅनेजरच्या मागे मिशाळ हंसवाला होता, आणि त्याचे डोळे पाणावले होते.

"सगळ्यांनी ऐका! आपल्या कोपऱ्यातल्या झोपडीतलं एक जोडपं..." मॅनेजर अडखळला. "म्हणजे काही झालंच असेल असं नाही. पण दिसत नाहीये."

"पहिल्या दिवसापासून पलंग मोडलेला नाही हो!" हंसवाल्याने हुंदका दिला. "टॉवेल कोरडे. न्हाणीघर कोरडं. सामान कपाटातून बाहेर काढलेलं नाही. आणि माझा हंस! आधी डावीकडे बघत होता. आता दाराकडे बघतोय. वाट बघतोय त्यांची!"

माझ्या अंगावर काटा आला.

"बुडाले?" कुणीतरी विचारलं.

"तो शब्द नको!" मॅनेजर ओरडला. "दिसत नाहीयेत, एवढंच. गृहस्थ उंच, टक्कल पडलेले. बाई ठेंगण्या, चांगल्याच स्थूल, साठीच्या पुढच्या."

"अगं बाई!" मी कपाळाला हात लावला. "त्या वयात, त्या अंगाने, कशाला जायचं पाण्यात?" मी पंचावन्नची आहे हो, आणि स्थूल म्हणजे काय, हाडापेराने मोठी आहे! माझ्या डोक्यात शंकेची पालसुद्धा चुकचुकली नाही.

"मावशी, तुम्ही या काठाने बघत चला!" मॅनेजरने मला हुकूम सोडला आणि मी पदर खोचला. पुढे मी, मागे ओलेत्याने निघालेले पंधरा-वीस पाहुणे. झुडपात बघ, होडीखाली बघ. "अहो ताईऽऽ! अहो दादाऽऽ!" अशा मी हाका मारत होते. माझा आवाज चांगला खणखणीत आहे. गल्लीच्या टोकाला उभं राहून मी "शर्ट तयार आहेतऽऽ" असं ओरडते, त्याचा सराव.

खडकाजवळ हंसवाला मटकन खाली बसला. "सापडल्या!"

सगळे धावले. वाळूत चपलांचे दोन जोड. सरळ, नीट, शेजारी शेजारी. तोंड समुद्राकडे.

एका बाईने डोळे पुसले. मीही पुसले. "किती टापटिपीची माणसं होती!" मी म्हणाले. "आणि बघा योगायोग, माझ्याही चपला अश्शाच आहेत. अंगठ्याला तांबड्या दोऱ्याने शिवलेल्या..."

मग मी खाली माझ्या पायांकडे पाहिलं. पाय अनवाणी होते.

"मॅनेजरसाहेब," मी घसा साफ केला, "ती साठीची बाई सापडली. पंचावन्नची आहे."

काय सांगू तुम्हाला! हंसवाल्याने माझे हात धरून ते आपल्या डोळ्यांना लावले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅनेजरने खिशातला फोन काढला. त्या भल्या माणसाने आमच्या लेकीला आधीच कळवलं होतं, आणि ती चित्रासकट फोनवर रडत होती!

"आई! आई गं! तू आहेस?"

"आहे गं, मला काय धाड भरलीय?"

"आणि बाबा?"

टाळ्या थांबल्या. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, मग समुद्राकडे. मॅनेजर हळूच म्हणाला, "काकू... काका कुठे आहेत?"

रोजच्यासारखे आजही लाटा बघायला गेले होते. सकाळपासून. पलीकडच्या.

खोटं कशाला सांगू? मघापर्यंत सगळा तमाशा होता, आणि आता तो समुद्र एकदम मोठा दिसायला लागला. ह्यांना पोहता येत नाही. ह्यांना साधं टबात वाकून कॉलर घासायची म्हटली तरी चक्कर येते. मनात आलं, मेली ती मजा, मेला तो आराम! एकदा हा माणूस समोर दिसू दे, मग मी त्याला सगळं खरं सांगेन.

आणि तेवढ्यात वारा फिरला. नारळीच्या झाडांमागून, पत्र्याच्या लांबट शेडकडून, एक वास आला.

खळीचा!

कुरकुरते गुडघे घेऊन मी जी धावले, ती पाहून मॅनेजरसुद्धा मागे पडला. शेडचं दार ढकललं. आत वाफच वाफ. भिंतीला भली मोठी यंत्रं, चादर एकीकडून घातली की दुसरीकडून कडक होऊन निघेल अशी, आणि सगळी बंद! छताला टेकलेले धुतलेल्या कपड्यांचे डोंगर. हॉटेलची लाँड्रीवाली मंडळी भिंतीला पाठ लावून ओळीने उभी. आणि मध्ये, कमरेला एप्रन बांधून, हातात साधी इस्त्री घेऊन आमचे हे!

"यंत्राला काय कळतं?" हे समजावत होते. "यंत्राला चादरीचा स्वभाव कळत नाही. आधी पाणी शिंपडायचं. मग थांबायचं. मुरू द्यायचं..."

"अहो!"

हे वळले. मी, मॅनेजर, हंसवाला, ओलेते पाहुणे आणि फोनमध्ये रडून लाल झालेली लेक. ह्यांनी इस्त्री मागे लपवली, आणि "आई गं" करून लगेच पुढे घेतली.

"बाबा, तुम्ही काम करताय?"

"छे गं! सहज इकडून जात होतो..."

"बाबा!"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांना धार लागली होती. लोकांना वाटलं, वाफेने. ह्यांना तसं वाटलं नाही.

"मला दुकान बंद करायचं नाहीये," हे म्हणाले. अगदी हळू. "पण तुझ्या आईचे गुडघे..."

"माझे गुडघे गेले खड्ड्यात!" मी म्हणाले. "मी तुमच्या कमरेसाठी गप्प होते! तीन दिवस टॉवेल गोळा करतेय मी काठावर!"

"खरंच? वाळूचे वेगळे काढलेस ना?"

"म्हणजे काय!"

फोनमधून लेक रडत होती की हसत होती, देव जाणे. तिच्या मागून जावयाचा आवाज आला, "मी तुला म्हटलं नव्हतं?" लेक म्हणाली, "तुम्ही गप्प बसा! आणि तुम्ही दोघं, दुकान चालवा हवं तितकं. पण पुन्हा माझ्याशी खोटं बोललात तर बघा!"

ह्यांनी समाधानाने इस्त्री उचलली. "चला, ही एवढी चादर संपवतो."

तेव्हा भिंतीजवळच्या ओळीतून लाँड्रीची मुख्य बाई पुढे आली. पाहुण्यांना तोडून बोलायचं नाही, हा तिथला नियम. दोन दिवस तिने ओठ आवळून धरले होते. तिने ह्यांच्या हातातून इस्त्री अलगद काढून घेतली.

"काका, तुम्ही तुमचं दुकान जरूर चालवा," ती हात जोडून म्हणाली, "पण आमचं कालपासून बंद पडलंय, तेवढं आता चालू करू द्या."