गुरुजींच्या दारातली गळती

"एक आठवडा द्या मला, साहेब! फक्त एक आठवडा! हे अख्खं ऑफिस संगणकावर असं पळवून दाखवतो की मुख्यालयवाले बघायला येतील!"

पाणीपुरवठ्याच्या तक्रार खिडकीचे मुख्य कारकून छातीवर हात ठेवून हे बोलले, तेव्हा साहेबांनी त्यांच्याकडे नुसतं चष्म्यावरून पाहिलं. मुख्यालयवाले तसेही येणारच होते. बघायला येणार होते आणि जमलं नाही असं दिसलं तर टाळं लावून जाणार होते.

झालं होतं असं. पाण्याच्या तक्रारी आता कागदावर घ्यायच्या नाहीत, सगळं संगणकावर, असा हुकूम सुटला होता. प्रत्येक कार्यालयातल्या माणसांनी ते काम स्वतः शिकून घ्यायचं. तपासनीस बाई येऊन बघणार. माणसांना यंत्रणा चालवता आली तर खिडकी राहील. नाही आली तर तक्रारींचं काम बाहेरच्या कंपनीकडे, आणि खिडकीवरची माणसं गावाबाहेरच्या पंपघरांवर! पंपघर म्हणजे एक खोली, एक पंप आणि घरघर ऐकत बसायची नोकरी. टायपिस्टबाईंची सासू अंथरुणाला खिळलेली, त्या दुपारच्या सुट्टीत घरी पळत जाऊन तिला भरवून येत. आवक-जावकवाल्या काकांचे गुडघे तर ऑफिसच्या तीन पायऱ्यांनाच हात जोडत. शिपाईमामांना कुठेही बदली चालली असती, पण बोलायला माणूस नसेल तिथे त्यांनी दुसऱ्या दिवशी पंपाशीच भांडण उकरून काढलं असतं.

तेव्हा या तिघांना शिकवायचा विडा मुख्य कारकुनांनी उचलला. ते मुख्यालयात जाऊन प्रशिक्षण घेऊन आले होते. आले ते गळ्यात ओळखपत्र अडकवूनच, आणि ते रविवारीसुद्धा काढेनात. ऑफिसने त्यांचं नाव 'गुरुजी' ठेवलं. टिंगल म्हणून ठेवलेलं नाव त्यांनी पदवी म्हणून घेतलं, त्याला कोण काय करणार!

गुरुजींच्या जमेच्या बाजूला एकच गोष्ट होती, पण दणकट: ते हार मानत नसत. काकांनी माउस पहिल्यांदा हातात धरला तो इस्त्री धरल्यासारखा. टेबल संपलं की माउस हवेत धरून विचारायचे, "आता पुढे कसं जाऊ, गुरुजी?" टायपिस्टबाईंची बोटं जुन्या टंकयंत्रावर घडलेली, त्या कळ दाबत नसत, हाणत असत. कीबोर्ड टेबलावरून टुणटुण उड्या मारत पळायचा आणि त्या खुर्ची सरकवत त्याच्या मागे! शिपाईमामा पडद्यासमोर बसण्याआधी केस विंचरून घेत. "तिकडून कोण बघत असेल, सांगता येतं का?"

"घाबरायचं नाही!" गुरुजी गरजत. "यंत्र आपल्यासाठी आहे, आपण यंत्रासाठी नाही! दाबा!"

असं दाबत दाबत आठवडा सरला. तपासणीच्या आदल्या दिवशी गुरुजींनी रंगीत तालीम काढली. फळ्यावर त्यांनी तक्रारीचा नमुना लिहिला: 'माझ्या घरासमोर जमिनीखालील जलवाहिनी फुटली आहे. पाणी वाया जात आहे. कृपया तातडीने कार्यवाही करावी.' खाली पत्ता हवा. चटकन आठवेल असा एकच पत्ता, स्वतःच्या घराचा. तो लिहिला.

"हे बघून प्रत्येकाने एक तक्रार नोंदवा. हात बसेपर्यंत पुन्हा पुन्हा नोंदवा!"

"पण गुरुजी, हे खरंच जाणार नाही ना कुठे?" टायपिस्टबाईंनी विचारलं.

"छे हो! सराव आहे हा. मुख्यालयात आम्ही दिवसभर धरणं फोडत होतो, कुणाचा पाय ओला झाला नाही!"

आता इथे दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली अशी की मुख्यालयाच्या प्रशिक्षणाच्या खोलीतली मशिनं सरावाची होती. तिथे केलेलं सगळं खोटं असायचं. ऑफिसातली मशिनं मात्र खऱ्या यंत्रणेला जोडलेली होती. हा फरक गुरुजींना कुणी सांगितला नाही आणि गुरुजींनी कुणाला विचारला नाही.

दुसरी गोष्ट या ऑफिसच्या रक्तातली. इथे स्वतःच्या मनाने वाक्य लिहायची पद्धतच नव्हती. कुठलंही पत्र लिहायचं तर जुनं पत्र काढायचं आणि तारीख बदलायची. दुसऱ्या ऑफिसात एखाद्याने फळ्यावरचा पत्ता बदलून स्वतःचा घातला असता. इथे काना-मात्राही कुणी हलवली नाही. तिघांनी तोच मजकूर आणि तोच पत्ता टाकला, हात बसेपर्यंत!

त्यात शिपाईमामांना वेगळाच नाद लागला. तक्रार नोंदवली की पडद्यावर हिरवी खूण उमटायची आणि खाली अक्षरं यायची: 'आपले मनःपूर्वक आभार.' अख्ख्या नोकरीत मामांचे आभार कुणी मानले नव्हते. मामा पुन्हा दाबत. पुन्हा आभार! दिवस मावळेपर्यंत मामांनी एकट्याने त्या गल्लीत जलप्रलय आणला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस लख्ख झाडलेलं, गुरुजींचं ओळखपत्र पुसलेलं. तपासनीस बाई आल्या. हातात छोटी पिशवी, कपाळावर एक बारीक आठी. साहेबांनी पुढे केलेला चहा त्यांनी बाजूला सरकवला आणि थेट मशिनसमोर बसल्या.

"हे काय? तुमच्याकडे पूर आलाय का?"

पडदा वरपासून खालपर्यंत लालभडक! एकाच पत्त्यावरून तक्रारींचा ढीग. यंत्रणेने तो पत्ता 'आणीबाणी' ठरवून दुरुस्तीचं पथक परस्पर पाठवूनही दिलं होतं.

तेवढ्यात गुरुजींचा फोन वाजला. बायको!

"अहो, दारात ही माणसं कुदळी घेऊन उभी आहेत! म्हणतात, पाईप फुटलाय. मी म्हटलं, कुठे फुटलाय दाखवा. रस्ता ठणठणीत कोरडा आहे हो!"

मागून पथकाच्या मुकादमाचा आवाज ऐकू येत होता. "बाई, एवढ्या लोकांनी कळवलंय. सगळे खोटं बोलतील का?"

"मग पाणी कुठे आहे?"

"वर नाही ना? म्हणजे आत मुरतंय! आतली गळती सगळ्यात वाईट. घ्या रे कुदळी!"

"अहो, थांबा! अहो, तुम्ही बोला ना याच्याशी!" मग फोनमधून धाड असा आवाज आला, मग फसफस, मग बायकोची किंकाळी, आणि या सगळ्यावर मुकादमाचा विजयी स्वर: "बघा! म्हटलं नव्हतं?"

गुरुजींचा चेहरा चुना लावल्यासारखा झाला. साहेबांनी कानाशी येऊन कुजबुज केली, "मेन स्विच पाडतो. लाइट गेली म्हणून सांगू."

काका, टायपिस्टबाई आणि मामा, तिघंही गुरुजींच्या तोंडाकडे बघत होते. तिघांच्याही डोळ्यांत पंपघर दिसत होतं. गुरुजींनी फोन खिशात टाकला.

"नको साहेब. केलं आपण, आवरायचंही आपणच." मग ते तपासनीस बाईंकडे वळले. "बाई, यांचा गुरुजी मी. काल आम्ही सराव केला. तो खरा निघाला. पत्ता माझ्याच घराचा आहे. गळती नव्हती, पण आता झाली आहे. आमच्याच पथकाने केली."

बाईंची आठी थोडी वर सरकली. हसू होतं की राग, कळेना. "मग आवरून दाखवा. मी इथेच बसले आहे. पण तुम्ही मशिनला हात लावायचा नाही, गुरुजी. शिकवलंय ना? शिकलेल्यांना करू द्या."

हे भलतंच! माणसाला पोहायला शिकवून काठावर बांधून घातल्यासारखं. गुरुजी हात पाठीमागे धरून उभे राहिले.

टायपिस्टबाईंनी घाम पुसला. "गुरुजी, नमुना?"

"नमुना नाही! याचा नमुना जगात कुठे नाही! पडद्यावर काय लिहिलंय ते वाचा आणि त्याला उत्तर द्या!"

टायपिस्टबाईंनी वाचलं. दोनदा वाचलं. मग एकसारख्या तक्रारी एकत्र करायचं बटण त्यांना सापडलं आणि त्यांनी ते असं हाणलं की चहाचा कप बशीत नाचला. लाल ओळी एकेक करून मिटू लागल्या. "मेल्यांनो, चला, एकाखाली एक!" त्या पडद्याला दटावत होत्या, घरी पोरांना दटावत असाव्यात तशा.

शेवटी एकच तक्रार उरली. तिच्यातला मजकूर दुरुस्त करायचा होता. मशिनसमोर मामा बसले. केस विंचरायचं विसरले. बराच वेळ बोट हवेत धरून राहिले, आणि मग त्यांनी जन्मातलं पहिलं स्वतःचं सरकारी वाक्य लिहिलं: 'पाईप फुटला नव्हता. आता फुटला आहे. आम्हीच फोडला. व्हॉल्व्ह बंद करणारा माणूस पळत पाठवा, वहिनी भिजत आहेत.'

हिरवी खूण! आभार! मामांनी या वेळी पुन्हा दाबलं नाही. गुरुजींना भरून आलं.

व्हॉल्व्ह बंद झाला, पाईप सांधला गेला. पण दुरुस्तीचा फोटो यंत्रणेत चढवल्याशिवाय तक्रार निकाली निघत नव्हती, आणि फोटो चढवणं मुकादमाच्या बापजन्मी झालं नव्हतं. फोन काकांनी घेतला.

"हे बघ, घाबरायचं नाही. यंत्र आपल्यासाठी आहे, आपण यंत्रासाठी नाही. दाब!"

पहिला फोटो आला तो मुकादमाच्या नाकाचा. दुसरा आभाळाचा.

"काय करतोस रे? खड्डा दाखव, खड्डा!"

"काका, खड्ड्यात मीच उभा आहे!"

"मग बाहेर ये! आणि मोबाइल इस्त्रीसारखा नको धरू, हलका धर!"

तिसऱ्या फोटोत सांधा स्वच्छ दिसला. शेवटची लाल ओळ हिरवी झाली. आणि झाल्या क्षणी ऑफिसातले तीन फोन एकदम वाजले. तक्रारदार म्हणून नोंद या तिघांचीच होती, आणि तक्रारदार समाधानी आहेत का, हे यंत्रणा स्वतः फोन करून विचारत होती. काका, टायपिस्टबाई आणि मामा, तिघांनीही उभं राहून, झेंड्यापुढे उभं राहावं तसं, 'अतिशय समाधानी'चा आकडा दाबला.

तपासनीस बाईंनी गार झालेला चहा ओढून घेतला आणि एका दमात संपवला.

"इतर ऑफिसांत मला भिंतीवर चित्रं दाखवली, टाळ्यांची भाषणं ऐकवली. चूक कुणी दाखवली नाही, त्यामुळे निस्तरता येते का ते कळलंच नाही. तुमची खिडकी इथेच राहील." जाता जाता त्या थांबल्या. "सरावाची मशिनं वेगळी मिळतात, गुरुजी. मागितली की मिळतात."

त्या गेल्यावर काकांनी मामांना मिठी मारली. टायपिस्टबाई सासूला भरवायला पळाल्या त्या हसत हसतच. गुरुजी घराकडे निघाले तेव्हा त्यांची छाती ओळखपत्राच्याही चार बोटं पुढे चालत होती.

दारात चिखल, आणि चिखलात बायको. पदर पिळलेला, हातात रिकामी बादली.

"खिडकी वाचली!" गुरुजी ओरडले.

"नळ गेला," बायको म्हणाली. "तुमच्या त्या माणसाने व्हॉल्व्ह बंद केला आणि तो निघून गेला. अख्ख्या गल्लीला थेंब नाही. नोंदवा तक्रार!"

"आत्ता नोंदवतो! हा हा म्हणता!" गुरुजींनी खिशातून मोबाइल काढला, अगदी सराईतपणे पत्ता टाकला, बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली: 'या पत्त्यावरील सर्व तक्रारींचे निवारण आजच झाले आहे. तक्रारदार अतिशय समाधानी आहेत. नवीन तक्रार उद्या नोंदवावी.'

बायकोने ते वाचलं. मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग हातातली बादली त्यांच्या हातात दिली आणि दुसरी आणून त्यांच्या दुसऱ्या हातात दिली.

मागच्या गल्लीतल्या मावशींच्या दारात गुरुजी दोन बादल्या घेऊन उभे राहिले. बादल्या पाठीमागे धरल्या. मावशींना सगळं आधीच कळलेलं होतं. असल्या बातम्यांना संगणक लागत नाही.

"अहो, भरा की, गुरुजी, लाजता काय!" त्यांनी नळ सोडला. "दोन काय, चार भरा! फक्त एवढंच करा, आमचा पत्ता कुठे लिहू नका!"