राजे दौलतराव यांणीं डोंगरी घोडा खरेदी केला त्याची बखर

श्रीगजाननासी नमन, कुलस्वामीसी नमन, आणि ज्या कोणा पुरातन लोहारानें दोन चाकें एका दांड्यास जोडून चालत्या मनुष्यास बसतें केलें, त्यासही नमन. शके एकोणीसशें शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, आश्विन-कार्तिकमासीं जें वर्तमान जाहलें तें कोणी पुसिलें नसतां लिहितों, कारण कीं ज्यांणीं डोळ्यांनीं पाहिलें ते आतां पदरचें घालून सांगूं लागले आहेत, आणि ज्यांणीं पाहिलें नाहीं ते त्यांहून अधिक सांगतात.

डोंगराचे पायथ्याशीं एक राज्य होतें. त्यास नांव नव्हतें. दारावर पाटी होती, ती वाऱ्यानें गेली. मुलुख अडीच खोल्यांचा, पूर्वेस सज्जा, पश्चिमेस मोरी, आणि उत्तरेस शेजारी. गादीवर राजे दौलतराव खरवडे. राजे दिवसां परक्या सरकारचे दफ्तरीं बसून आवक-जावक टपालावर शिक्के मारीत आणि सायंकाळीं आपले मुलुखीं येऊन राज्य करीत. राज्य करणें म्हणजे राणी कुमुदिनीबाईसाहेब सांगतील तें करणें. राजांस धाकटी बहीण एक, वैजयंताबाई, ती डोंगरापलीकडे रंगराव सरदार यांस दिली होती. राजांचा तिजवर फार जीव. आई लवकर निवर्तली, तेव्हां राजांनीं स्वहस्तें तिची वेणी घालणें शिकून घेतलें, आणि ती वेणी नेहमीं डावीकडे झुके, तरी ती मुलगी तशीच शाळेंत जाई आणि कोणी हंसलें तर त्यास चिमटा काढी. ऐसें प्रेम. परंतु चार वर्षांमागें भाऊबिजेस राजे तेथें पंगतीस बसले असतां बासुंदीची दुसरी वाटी मागते जाहले, तेव्हां रंगराव थट्टेनें बोलिले कीं, हें पोट घेऊन आमचा डोंगर चढून दाखवा, मग दुसरी वाटी. पंगत हंसली. राजांस राग अनावर जाहला, आणि ते उष्ट्या हातानेंच उठले आणि उंबऱ्यावर उभे राहून प्रतिज्ञा करते जाहले कीं, आतां या घरीं येईन तर डोंगर चढूनच येईन, मोटारीनें येणार नाहीं. ऐसें बोलून मोटारीनें परत आले.

मग पहिले सालीं राजे पायीं निघाले, तों वनखात्यानें मोटारी अडविण्यास आडवा बांबू घातला आहे तेथवर गेले आणि नवा जोडा चावला म्हणून फिरले. दुसरे सालीं निम्मा डोंगर चढले आणि धाप लागून दगडावर बसले, तों एक मोळीवाली म्हातारी डोईवर मोळी घेऊन, पान चघळीत, राजांपुढून निघून गेली. तें पाहून राजांचें मन खचलें आणि स्वारी माघारी आली. तिसरे सालीं निघालेच नाहींत, ताप आहे म्हणून कळविलें. ताप नव्हता. आणि दर सालीं पलीकडे वैजयंताबाई ताट मांडून बसत आणि सांज जाहली म्हणजे निरांजन विझवून आंत नेत, हें राजांस ठाऊक होतें आणि तें त्यांस जेवूं देत नसे, जरी वजन कांहीं उतरलें नाहीं.

ऐसें असतां आश्विन वद्यपक्षीं बहिणीचा खलिता राजांचे तळहातांतील यंत्रावर आला. त्यांत मजकूर इतकाच कीं, "दादा, या भाऊबिजेला दुपारी बारापर्यंत ताट मांडून बसेन. नाही आलास तर पुढच्या वर्षीपासून मांडणार नाही." राजांनीं तो सात वेळ वाचिला. मग सज्ज्यांत जाऊन उभे राहिले, आणि डोंगराकडे पाहूं लागले, आणि डोंगर कांहीं लहान जाहला नव्हता. तेव्हां राणीसाहेबांनीं दरबार भरविला. दरबारांत राणीसाहेब, राजे, आणि शेजारचे गजाभाऊ कारभारी, जे दिवसरात्र यंत्रावर चलच्चित्रें पाहून सर्व विद्यांत निपुण जाहले होते. गजाभाऊंनीं मसलत दिली कीं, राजांनीं रोज पहांटे धांवावें. राजांनीं त्यांजकडे असें पाहिलें कीं ते चहा पिऊं लागले. मग राणीसाहेब, ज्यांची बुद्धि मोठ्या वकिलाची, त्या बोलिल्या, "तुम्ही डोंगर चढून येईन म्हणालात. पायी येईन असं कुठं म्हणालात?" बांबूखालून मोटार जात नाहीं, दुचाकी फटफटी जात नाहीं, परंतु सायकल जाते. मग ठराव जाहला कीं राजांनीं डोंगरी सायकल घ्यावी, तीवर स्वार व्हावें, आणि भाऊबीज साधावी. खजिना पाहतां दिवाळीचे बोनसाचे बारा हजार होते. राणीसाहेबांनीं ताकीद दिली कीं, बाराचे वर एक पैसा जातां कामा नये, आणि डोक्याची टोपी त्यांतच बसवावी, कारण डोकें एकच आहे.

मग राजे आणि गजाभाऊ शहरांत दाखल जाहले. प्रथम एका आरसे लाविलेल्या थोर पेढीवर गेले. तेथें विक्रेता आला आणि एका कृष्णवर्ण घोड्याची स्तुति करूं लागला, आणि अर्ध घटिका केली. राजांनीं शेवटीं मोल पुसिलें, तों अठ्ठेचाळीस हजार. राजे त्या घोड्याचे खोगिरावर बसलेली धूळ बोटानें पुसते जाहले, जणूं त्याकरितांच आले होते, आणि बाहेर पडले. मग दुसरे पेढीवर गेले. तेथें एक घोडा उभा होता, त्याचे अंगावर ज्वाळा काढिल्या होत्या, पुढें झोका, मागें झोका, म्हणजे धक्के गिळणाऱ्या स्प्रिंगा, गिअर एकवीस, आणि मोल अकरा हजार पांचशें. गजाभाऊंचे डोळे दिपले. त्यांचें म्हणणें कीं एकवीस गिअर म्हणजे एकवीस घोडे, आणि मागचे झोक्यानें राजांस गादीचें सुख होईल. राजांसही तो मनापासून आवडला, कारण त्यावर बसून आरशांत पाहतां ते पंचविशीचे दिसत. मग प्रांगणांत चालवून पाहिला. राजांनीं चाक फिरविण्याचा पायटा दाबिला तों घोडा खालीं बसला, सोडिला तों वर उठला, पुन्हां दाबिला तों पुन्हां बसला, आणि याप्रमाणें राजे पुष्कळ वर-खालीं जाहले परंतु पुढें गेले ते चार हात. आणि उचलून पाहतां गव्हाचें पोतें हलकें. तरी ज्वाळांचा मोह सुटेना, आणि राजे खिशांत हात घालते जाहले, आणि तेवढ्यांत गजाभाऊ बोलिले कीं टोपीचें काय. पाचशांत टोपी येईना. म्हणून राजे विचार करून येतों असें सांगून निघाले, आणि विचार असा कीं टोपी नको असें राणीसाहेबांस कोण सांगेल.

वाटेंत भाजीबाजाराचे मागें उस्ताद दस्तगीर यांचा कारखाना होता. उस्तादांनीं राजांचे बाळपणींची सायकल दुरुस्त केली होती आणि आतां जुने डोंगरी घोडे घेऊन, नीट करून, विकीत. राजे हवा भरण्याचे निमित्तानें शिरले, जरी हवा भरण्यास सायकल नव्हती. उस्तादांनीं चिंधीस हात पुसले आणि एकच प्रश्न केला, जो तोंवर कोणी केला नव्हता. ते म्हणाले, "कुठं जायचंय, साहेब?" त्यावर राजे एकदम सर्व सांगूं लागले, बासुंदी, प्रतिज्ञा, मोळीवाली, खलिता. उस्तादांनीं ऐकून घेतलें आणि बोलिले, "मग चढायला हलका पाहिजे आणि उतरायला ब्रेक पाहिजे. मापात बसला पाहिजे. बाकी सगळा रंग." ऐसें म्हणून आंतून एक घोडा बाहेर काढिला. महाविद्यालयांतील कोणी कन्या शिक्षण संपवून विकून गेली होती. पुढें झोका, मागें नाहीं, गिअर आठ, आणि चाकांचे मध्यें पोलादी तबकड्या, त्यांस चिमटे धरीत तेच ब्रेक. रंग गुलाबी. नुसता गुलाबी नव्हे, लग्नांतील आइसक्रीमचा गुलाबी, आणि दांड्यावर फुलपाखराचें चित्र. गजाभाऊ मागें सरले. परंतु उस्तादांनीं राजांस दांड्याचे दोहों बाजूंस पाय टेकून उभें केलें, मधलें अंतर दोन बोटें निघालें, आणि म्हणाले कीं माप झालें. राजांनीं गल्लींत चालविला, तों घोडा पुढें गेला. दाबिला कीं पुढें. चिमटा धरिला कीं जागीं उभा. मोल नऊ हजार, उरल्या तीन हजारांत टोपी, पंक्चरचें साहित्य आणि हातपंप. राजांनीं फुलपाखराकडे पाहिलें, मग डोंगराकडे पाहिलें, आणि व्यवहार केला. मात्र मुहूर्त पाडव्याचा धरिला. निघतांना उस्तादांनीं दोन गोष्टी बजाविल्या, "साखळीला तेल द्यायचं. तबकडीला हात लावायचा नाही." राजांनीं त्या दोन्ही कागदावर उतरून घेतल्या, कारण दफ्तरची संवय.

कार्तिक शुद्ध प्रतिपदा, मंदवारीं घोडा राज्यांत दाखल जाहला. राणीसाहेबांनीं त्यास ओंवाळिलें, पुढचे चाकाखालीं लिंबू ठेविलें, दांड्यावर स्वस्तिक काढिलें, तें फुलपाखराचे पोटावर आलें. मग राजांचे मनांत आलें कीं घरांत नवीन आलेल्याची पहिली दिवाळी आहे, आणि त्यास अभ्यंगस्नान कोणी घातलें नाहीं. राजे प्रेमळ. आपले अभ्यंगाचें सुवासिक तेल वाटीभर उरलें होतें तें ऊन केलें, आणि आधीं साखळीस चोळिलें, उस्तादांचे आज्ञेप्रमाणें. मग दांड्यास चोळिलें. मग चाकांस. मग तबकड्या उरल्या, आणि त्या सर्वांत चकचकीत, त्यांस वगळावें हें बरें दिसेना. परंतु राजे वचनाचे पक्के. हात लावायचा नाहीं म्हणजे नाहीं. म्हणून कापसाचा बोळा केला, तो तेलांत भिजविला, आणि दोन्ही तबकड्या बोळ्यानें चोळून काढिल्या, हात कोठेंही लागूं दिला नाहीं. वरून उटणें लाविलें, कोमट पाणी घातलें, आणि घोडा असा घमघमला कीं गजाभाऊ भिंतीपलीकडून पुसते जाहले, आज पुन्हां आंघोळ कोणाची.

दुसरे दिवशीं यमद्वितीया, तीच भाऊबीज. सकाळीं सात वाजतां स्वारी निघाली. राज्यापासून डोंगरमाथ्यापर्यंत सर्व चढच चढ, म्हणून ब्रेकाची गांठ कोठें पडली नाहीं. बांबूखालून घोडा आडवा करून नेला. मग राजे पहिले गिअरावर बसून चढूं लागले, आणि पाय फिरत फार आणि वाट सरे थोडी, आणि तीन ठिकाणीं उतरून ढकलिला, आणि एके ठिकाणीं घोड्यानें राजांस ढकलिलें असें गजाभाऊ सांगतात, परंतु ते तेथें नव्हते. मोळीवाली भेटली. राजे तिचे पुढें गेले. मोळीवालीनें कांहीं मनावर घेतलें नाहीं, राजांनीं फार घेतलें. अकरा वाजून दहा मिनिटांनीं डोंगर सर जाहला. माथ्यावरून पलीकडचें खोरें दिसूं लागलें, आणि खालीं रंगरावांचें कौलारू घर, अंगणांत भाताच्या पेंढ्यांची उडवी रचलेली, आणि रांगोळीजवळ पाट मांडून कोणी बसलें होतें. राजांनीं ओळखिलें.

आणि येथें, इतकें करून, राजांचा धीर सुटला. कारण खालीं रंगरावही उभे दिसले, आणि राजांनीं आपणांकडे पाहिलें, तों घामानें निथळणारें शरीर, गुलाबी घोडा, स्वस्तिकाचें फुलपाखरूं. मनांत आलें कीं हा पुन्हां हंसेल, आणि अंगणांत उभा राहून हंसेल, आणि तें आपणांस सोसणार नाहीं. डोंगर तर चढलों, प्रतिज्ञा पुरी जाहली, येथूनच परतावें, आणि ताप आहे म्हणून कळवावें. ऐसा निश्चय करून राजांनीं ब्रेक दाबिले. परंतु तोंवर उतार लागला होता. मुठी दांड्यास टेकल्या तरी घोडा थांबेना. चिमटे तबकडीस धरीत आणि तबकडी अभ्यंग जाहलेली, ती सुळकन सुटे. सगळा मार्ग सुगंधानें भरला. राजे पहिलें वळण गेले, दुसरें गेले, तिसऱ्या वळणावर "बाजूला व्हा" असें ओरडते जाहले, तों कोंबड्या उडाल्या, एक म्हैस उठून उभी राहिली, वाळत घातलेला एक सदरा राजांचे डोईवरील टोपीवर बसला आणि पुढें तो निशाणाप्रमाणें फडकत गेला. अंगणांत पाहणारांस वाटलें कीं देवाची पालखी वेगांत येत आहे. रंगरावांनीं मात्र ओळखिलें. ते पळाले नाहींत. दोन्ही हात पसरून वाटेंत उभे राहिले, आणि घोडा, राजे आणि रंगराव ऐसे तिघे एकमेकांस मिठी मारून भाताचे उडवींत शिरले.

कांहीं काळ उडवींतून चाकाचा आवाज तेवढा येत होता. मग रंगराव प्रथम बोलिले, "लागलं का, दौलतराव?" राजांनीं नाहीं म्हटलें. मग रंगराव कानांतील पेंढा काढीत, खालीं पाहून, म्हणाले, "त्या दिवशी बोललो ते चुकलं माझं. रोज वाटायचं फोन करावा." राजे आपला चार वर्षांचा राग तेथें शोधूं लागले तरी सांपडेना. वैजयंताबाई धांवत आल्या, भावाकडे पाहिलें, आणि त्यांस आधीं हंसूं आलें आणि मग रडूं आलें आणि मग दोन्ही एकदम. राजे खोटें बोलण्यास समर्थ होते, परंतु बोलिले नाहींत. म्हणाले, "वैजू, खरं सांगतो, मी वरूनच परत फिरणार होतो. ब्रेक लागेनात."

तेव्हां बाई त्यांचे केसांतील भाताची लोंबी काढीत बोलिल्या, "तीन वर्षं तू थांबूनच राहिलास, दादा. आज थांबता आलं नाही, ते फार बरं झालं."

पावणेबारास ओंवाळणी जाहली. राजांनीं तबकांत शंभराची नोट घातली, तीस तेलाचा वास येत होता.

ऐसी ही मोहीम. घोडा एक, रंग गुलाबी, माप बरोबर. खर्च बारा हजार, टोपीसुद्धां. पडझड म्हणाल तर रंगरावांची उडवी एक आणि राजांचें उजवें कोपर. मोडला तो रुसवा, आणि त्याची दुरुस्ती करणें नाहीं. लिहिणें राहतें तें तोंडीं विचारावें.