मार्डरला आलेला संशय

लेकीच्या लग्नाला आठवडा उरला होता आणि नेमकी शुक्रवारी सकाळी ओटमार केसलरची गाडी खोकायला लागली. फिकट हिरवी, लेकीहून वयाने मोठी असलेली ही गाडी म्हणजे ओटमारचा जीव की प्राण. लेक श्वेन्या याच गाडीतून चर्चला जाणार आणि गाडी आपणच चालवणार, हे त्याने कुणाला न विचारता कधीच ठरवून टाकलं होतं. दुसऱ्या कुणाचा हात गाडीला लागलेला त्याला खपत नसे. "दुसरा गिअर घासतो हिचा," तो अभिमानाने सांगे, "सवयीचाच हात लागतो त्याला."

चारातला एक सिलिंडर मधूनच दांडी मारत होता. ओटमारने प्लग बदलले, डिस्ट्रिब्युटरची टोपी बदलली, कॉइल बदलली, पंपवाल्याच्या पेट्रोलच्या नावाने बोटं मोडली. गाडी आपली खोकतेच आहे. शेवटी बायको राइनहिल्ड स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली, "मार्डरने वायर चावली असेल."

"आपल्या मार्डरने?" ओटमार दुखावला. गॅरेजच्या छपरात राहणारं, मुंगसासारखं ते चपळ जनावर कित्येक वर्षं रात्री इंजिनाच्या उबेला येऊन झोपत असे. "त्याने आजवर कशाला दात लावलेला नाही. उगाच गरिबावर आळ घेऊ नकोस."

तरी मनात किडा वळवळलाच. बुधवारी त्याने गॅरेजचा दिवा मालवला, राइनहिल्डचा इस्त्रीचा फवारा उचलला आणि चालू इंजिनावर पाणी मारलं. अंधारात एका वायरीवर निळी ठिणगी नाचायला लागली. चाचपून पाहिलं, तर सुईने टोचल्यासारखी दातांची भोकं. ओटमारला फार वाईट वाटलं. त्याने नव्या वायरी घातल्या, इंजिन लोण्यासारखं चालायला लागलं आणि गुरुवारी रात्री तो नेहमीप्रमाणे पत्ते कुटायला गेला.

शुक्रवारी सकाळी गाडी पुन्हा खोकली. नव्या वायरींवर नवी भोकं होती आणि उद्या लग्न होतं.

मार्डर कुत्र्याच्या वासाला भितो म्हणतात. ओटमार बायकोचा एक लांब मोजा घेऊन शेजारीणबाई फ्राउ फिस्टररच्या दारात उभा राहिला. "यात भरायला तुमच्या कुत्र्याचे केस हवेत."

फ्राउ फिस्टरर कुत्रा आणि ब्रश घेऊन गॅरेजपाशी आल्या. "केस देते, पण उपयोग व्हायचा नाही. काल रात्री गाडी कुठे उभी होती?"

"इथेच. कुठे जाणार?"

"अहो, मार्डर उगाच चावत नाही. दुसऱ्या मार्डरचा वास आला की पिसाळतो. तुमची गाडी रात्री परक्याच्या हद्दीत जाऊन आलीय."

"शक्यच नाही. गुरुवारी मी पत्त्यांना जातो, तेही पायी. थोडी बिअर होते ना."

"मग गाडी एकटीच गेली असेल," असं म्हणून फ्राउ फिस्टरर कुत्रा विंचरायला लागल्या.

खिडकीत राइनहिल्डचा बटाटे सोलायचा हात थांबला होता.

"शेजारच्या गावी," ती शेवटी म्हणाली. "सुपरमार्केटच्या मागच्या पटांगणात. दोन गुरुवार झाले."

"तू? माझी गाडी?"

"सराव करत होते. श्वेन्यानेच सांगितलं. तिला शाळेच्या पहिल्या दिवशी सोडायला निघालास, तेव्हा रडत रडत गाडी कुंपणात घातलीस तू, ओटमार. उद्या तर लग्न आहे. पोरीला तू मागे हवा आहेस, तिच्या शेजारी."

ओटमारने शर्टाच्या बाह्या वर सारल्या. मग तो निमूट कामाला लागला. परका वास जाईपर्यंत साबणाने इंजिन घासलं, वायरी पुन्हा बदलल्या, आणि मार्डरची समजूत काढायला छपराखाली एक अंडं ठेवलं. सगळं झाल्यावर खिडकीपाशी येऊन त्याने हळूच विचारलं, "दुसरा गिअर फार घासला का गं?"

"घासला?" राइनहिल्ड म्हणाली. "एकदाही नाही. का रे?"

शनिवारी गाडी एकदाही न खोकता फाटकाबाहेर पडली. ओटमार मागे श्वेन्याचा हात धरून, कान टवकारून बसला होता. राइनहिल्डने दुसरा गिअर टाकला, जरासुद्धा आवाज झाला नाही. पहिलं वळण यायच्या आतच ओटमारचा रुमाल ओला झाला. लेकीसाठी की गिअरसाठी, हे त्या दोघींपैकी कुणीही विचारलं नाही.