एमलिनचा उजवा बूट

संसार बायकोशी करायचा की बुटांशी, हे पुरुषाने लग्नाआधीच सांगून टाकावं, असं नेस्टाचं स्पष्ट मत झालं होतं. तीन आठवडे तिचा नवरा एमलिन स्वयंपाकघरात मांडीवर बूट घेऊन बसला होता. बोटाला फडकं गुंडाळायचं, पाण्याचा थेंब, पॉलिशचा ठिपका, आणि मग बुटाच्या नाकावर इवले इवले गोल काढत बसायचं. तान्ह्या बाळालाही कुणी इतक्या हलक्या हाताने तीट लावत नाही. मोरी तुंबलेली, कोंबड्यांच्या खुराड्याचं दार निखळलेलं, आणि हा महाराज बुटावर फुंकर घालतोय.

कारणही तसंच होतं. युद्धात पडलेल्यांच्या स्मृतिदिनाला युद्धस्मारकापुढे आपल्या जुन्या पलटणीचं निशाण धरायचा मान यंदा पहिल्यांदाच एमलिनला मिळणार होता. पण निवृत्त सार्जंट-मेजर प्रॉसर आधी बूट तपासायचा. बुटाच्या टोकात त्याला स्वतःच्या मिश्या दिसल्या तर निशाण, नाहीतर मागच्या रांगेत उभं राहा. डावा बूट आरशासारखा झाला होता. उजवा मात्र हट्टाला पेटला होता. कितीही घासा, त्याच्या नाकावर आपलं मळभ.

शनिवारी दुपारी एमलिन चॅपेलमध्ये गाण्याच्या तालमीला गेला आणि नेस्टाने पदर खोचावा तसा एप्रन आवळला. अख्ख्या गल्लीत तिच्यासारखी फरशी कुणाची चकाकत नव्हती, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. तिने कपाटातून लव्हेंडरच्या वासाचं फरशीचं पॉलिश काढलं, दोन्ही बुटांवर सढळ हाताने चढवलं, वाळवलं, पुन्हा चढवलं. अर्ध्या तासात उजव्या बुटात खिडकी दिसायला लागली, खिडकीतली कुंडीसुद्धा.

एमलिन परत आला आणि दारातच थबकला. मग त्याने जे केलं ते नेस्टाच्या हिशेबात नव्हतं. त्याने बायकोला मिठी मारली. पॉलिशमधलं मेण मुरलं म्हणे! घासून झाल्यावर बुटाला जरा एकटं सोडावं लागतं, म्हातारे शिपाई सांगायचे ते खरं निघालं. बोलताना त्याचे डोळे भरून आले. आता या माणसाला काय सांगणार? नेस्टाने दात-ओठ खाऊन बटाटे सोलायला घेतले. बटाट्यांचा निम्मा जीव सालीतच गेला.

रविवारी सकाळी सभागृहात प्रॉसर वाकला आणि बुटात बघून त्याने चक्क मिशी सारखी केली. निशाण एमलिनच्या हातात आलं. मग एमलिनने बाकीच्या म्हाताऱ्यांना मेण कसं मुरवावं यावर प्रवचन दिलं. दोघांनी तर त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. दाराशी उभ्या नेस्टाला ते ऐकून ठसका लागला.

स्मारकापुढे बिगुल वाजला, निशाण झुकलं, मौन सुरू झालं आणि पाऊस आला. थेंब बुटांवर पडले तसे बूट पांढरे पडायला लागले. आधी नाक, मग कडा. बघता बघता एमलिन दुधाच्या बादलीतून चालत आल्यासारखा दिसू लागला. लव्हेंडरचा वास मागच्या रांगेपर्यंत गेला. बराकीतले कामचुकार पोरगे फरशीचं पॉलिश फासतात आणि पाण्याने ते उघडं पडतं, हे तिथल्या प्रत्येक म्हाताऱ्याला ठाऊक. मौनात हसता येईना, त्यामुळे अख्खी पलटण नुसती गदागदा हलत होती. एमलिनने मान वळवली नाही. निशाणही तसूभर हललं नाही.

मौन संपलं तसा प्रॉसर पुढे आला.

"फरशीचं पॉलिश, एमलिन? तू?"

एमलिनने बुटांकडे पाहिलं, एक श्वास घेतला, आणि त्याची नजर गर्दीतल्या नेस्टावर जाऊन थांबली. घरच्या फरशीचा वास माणूस विसरत नाही.

"हो, साहेब. मीच लावलं."

प्रॉसरने निशाणासाठी हात पुढे केला. त्याच वेळी नेस्टा कोपरं मारत, छत्र्या वाकवत रांगेत घुसली. पॉलिश तिचं, हात तिचा, आणि तिच्या फरशीवर त्याच पॉलिशने कधी एक डाग पडू दिलेला नाही, हे तिने सार्जंट-मेजरला असं सुनावलं की बिगुलवाला दोन पावलं मागे सरला. प्रॉसरने तिच्याकडे पाहिलं, एमलिनकडे पाहिलं. त्यालाही घरी बायको होती. त्याने मुकाट्याने हात मागे घेतला.

निशाण एमलिनकडेच राहिलं. तो बायकोकडे बघून ओल्या चेहऱ्याने हसला. ते बघून नेस्टाचं डोकं आणखी तापलं.

"दात काय काढतोस? चोर आहेस तू, एमलिन. बूट चकाकले तेव्हा कौतुक तू घेतलंस, आणि पांढरे पडले तेव्हा शिव्या खायलाही तूच पुढे. मी केलेल्या कामातलं माझ्यासाठी काही ठेवशील की नाही?"