एका टेम्पोचं सामान

घर विकायला काढल्यापासून धर्मसिंग राठोडांकडे तीन गिऱ्हाइकं येऊन गेली. तिघांनी भिंती ठोकून पाहिल्या, मान वर करून छत पाहिलं, चहा घेतला, आणि मागच्या दोन खोल्यांपुढे वाळत घातलेले कपडे दिसताच एकच प्रश्न विचारला, "भाडेकरू हाय व्हय?" त्यानंतर तिघांनाही घरची कामं आठवली.

वारंगा फाट्यावर तेव्हा जागेला भाव आला होता. हिंगोली नुकताच जिल्हा झाला होता आणि जो तो फाट्यावर दुकान टाकायच्या गोष्टी करत होता. धर्मसिंग तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर झाले होते. मुलगा कुलदीप औरंगाबादला कंपनीत होता. घर विका, आलेल्या पैशात मोठा फ्लॅट घेऊ आणि सगळे एकत्र राहू, असं त्याचं म्हणणं. मोतीबाईंनी तर नातवासाठी दोन गोधड्या शिवूनही ठेवल्या होत्या. अडचण एवढीच होती की मागच्या खोल्यांत अकरा वर्षांपासून जलालुद्दीनचं बिऱ्हाड होतं.

तसे जलालुद्दीन कुणाला अडचण व्हावी असे गृहस्थ नव्हते. ते फाट्यावर ट्रकच्या ताडपत्र्या शिवत. धर्मसिंगांच्या मुलीच्या, दीपाच्या लग्नाला तांड्यावरून चाळीस माणसं ट्रकमध्ये बसून आली, तेव्हा वरची ताडपत्री त्यांनी स्वतः चढून बांधली होती आणि पैशाचं नाव काढलं नव्हतं. खोल्या सोडा म्हटल्यावरही त्यांनी मान डोलावली. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओसरीवर येऊन बसले.

"भाऊ, तुमाला तकलीफ आहे, मला समजतंय. पन आमच्या नाहिदला वसमतचे लोक पाहून गेले. पोरगी पसंत आहे. आता चौकशीला मानूस पाठवतील. तो इथंच येनार, ह्याच पत्त्यावर. आन् आमी बिऱ्हाड उचलून गेलेलं दिसलं तर ते काय समजतील? तेवढे पंधरा दिवस राहू द्या. होकार आला की दुसऱ्या दिवशी खोल्या खाली."

"पंधरा दिवस काहून? महिना राहा, जलालभाई," धर्मसिंग म्हणाले. "आन् चौकशीवाल्याची फिकीर करू नका. मी बसून राहिलो ना हितं. असं सांगतो की तो तारीख धरूनच उठंल."

हे ते मनापासून बोलले. नाहिद त्यांच्या अंगणात वाढली होती. तिचा दहावीचा फॉर्म त्यांनीच भरला होता. तिचं भलं व्हावं असं त्यांना वाटत होतं, आणि झाल्या प्रकारात वाईट तेच आहे.

धर्मसिंगांना आपल्या नजरेचा फार अभिमान होता. माणूस एसटीत चढला की तो कुठं उतरणार हे आपण चेहऱ्यावरून सांगतो, असं ते म्हणत. मोतीबाई यावर काही बोलत नसत. चौकशीला येणारा माणूस कसा असेल हेही त्यांनी मनात ठरवून टाकलं होतं. पिकली दाढी, डोक्यावर टोपी, सोबत आणखी एक म्हातारा, आणि वेळ संध्याकाळची.

बुधवारी अकराच्या सुमाराला जो आला तो मोटारसायकलवर आला. पँट-शर्ट, खिशाला दोन पेनं, दाढी गुळगुळीत.

"मी अय्याज. वसमतला लाकडाची वखार आहे आपली. घर विकाऊ आहे ऐकलं."

धर्मसिंगांनी चेहरा पाहिला आणि ओळखलं. गिऱ्हाईक. त्यांनी खुर्ची दिली, चहा सांगितला. पाहुण्याने छताकडे पाहिलं नाही. भिंत ठोकली नाही. बोअरला पाणी किती, तेही विचारलं नाही. मागच्या खोल्यांकडे पाहत तो म्हणाला, "तिकडं कोन राहतं?"

दुधाने तीनदा तोंड पोळलेला माणूस आता ताक फुंकायला बसला.

"त्याची फिकीर सोडा. एका शब्दावर निघंल," धर्मसिंग म्हणाले.

"भांडनार न्हाई?"

"भांडाया मागं कोन पाहिजे का न्हाई? सख्खा भाऊ न्हाई, गावाकडं जमीन न्हाई. तहसीलात वळख न्हाई, पोलिसात न्हाई. एकटा मानूस हाय."

"अकरा वर्षांत काही तर जमवलं असेल."

"काय जमवतो? ताडपत्री शिवून पोट भरतं तेच लई झालं. समदं सामान एका टेम्पोचं. दुसरी खेप लागली तर भाडं मी देतो."

"आन् लेकरं?"

"पोरगा न्हाई. एक पोरगी हाय, तिचं बी चालू हाय कुठंतरी. जमलं तर बरंच, न्हाई जमलं तरी खोल्या खालीच करून घेनार. दया आली म्हनून ठेवून राहिलो."

हे शेवटचं वाक्य त्यांनी उगीच वजन पडावं म्हणून टाकलं. पुढे त्यांना सगळ्यांत जास्त लाज याच वाक्याची वाटायची.

अय्याजने चहा संपवला, कप खाली ठेवला. "लई सच्चे मानूस तुमी, भाऊ. बराबर सांगितलं समदं," एवढं म्हणून तो गेला.

"पक्कं गिऱ्हाईक हाय," धर्मसिंग आत येऊन म्हणाले. "भाव सुदिक विचारला न्हाई."

मोतीबाई सुपात ज्वारी पाखडत होत्या. "छत बी न्हाई पाह्यलं त्यानं," त्या म्हणाल्या. धर्मसिंगांनी ते कानाआड केलं.

वखारवाला काही परत आला नाही, पण त्याच आठवड्यात डोंगरकड्याचे सटवाजी आले. त्यांना किराणा दुकान टाकायचं होतं. त्यांनाही धर्मसिंगांनी एका टेम्पोचं आश्वासन दिलं. सटवाजींना घर पटलं आणि येत्या गुरुवारी बयाणा द्यायचं ठरलं. धर्मसिंगांनी कुलदीपला एसटीडी बूथवरून फोन केला, आणि मोतीबाईंनी गोधड्या ट्रंकेत वर काढून ठेवल्या.

मंगळवारी सकाळी जलालुद्दीन ओसरीवर आले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"नकार आला, भाऊ."

"काहून?"

"म्हने, घराच्या मागं कुनी न्हाई. घरमालकानं दयेवर ठेवलंय. सामान बी म्हने एका टेम्पोचं. पसंत पडली होती पोरगी. पन मला एक समजत न्हाई. त्यांना टेम्पोचं कोन सांगितलं असंल? घराच्या आत तर कुनी आलंच न्हाई."

मोतीबाईंच्या हातातलं सूप थांबलं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. धर्मसिंगांना दोन पेनांचा खिसा आठवला, गुळगुळीत दाढी आठवली, न पाहिलेलं छत आठवलं. माणूस कुठं उतरणार होता ते त्यांना आता कळलं, पण गाडी पुढे निघून गेली होती.

त्याच दिवशी त्यांनी वसमतची एसटी धरली. अय्याजची वखार सापडायला वेळ लागला नाही. तो एका गिऱ्हाइकाला फळ्या मोजून देत होता. गिऱ्हाईक पाठमोरं होतं. धर्मसिंगांनी नमस्कारही केला नाही.

"अय्याजभाई, त्या दिवशी मी जे बोललो ते समदं उलटं धरा. जलालभाईच्या मागं चाळीस मानसं हायती. तहसीलात हायती, पोलिसात हायती. तो हलनारा मानूस न्हाई."

पाठमोरं गिऱ्हाईक फळीसकट वळलं. ते सटवाजी होते. धर्मसिंगांच्याच घरात किराण्याच्या मांडण्या ठोकायच्या म्हणून ते फळ्या न्यायला आले होते.

"हलनारा न्हाई?" सटवाजी म्हणाले. "मंग ह्या फळ्या मी कुठं ठोकू?"

धर्मसिंग मध्ये उभे राहिले. निघेल म्हणावं तर अय्याज ऐकत होता, नाही निघणार म्हणावं तर सटवाजी. कुलदीपचा फ्लॅट डोळ्यांपुढे आला, गोधड्या आल्या, आणि अंगणात बसून दहावीच्या फॉर्मवर जपून सही करणारी नाहिद आली.

"न्हाई निघनार," ते म्हणाले. "मीच निघू देनार न्हाई."

सटवाजींनी फळी होती त्या जागी परत ठेवली, धोतराला लागलेला भुसा झटकला आणि ते चालते झाले. अय्याजने धर्मसिंगांना बसायला स्टूल दिलं, चहा मागवला.

"उशीर केला भाऊ तुमी," तो हळूच म्हणाला. "भाच्याची काल पूर्ण्याला मंगनी झाली. पोरगी चांगली होती तुमची. पन बहिनीला मी जे ऐकलं तेच सांगितलं ना."

धर्मसिंगांनी चहा पूर्ण प्यायला. टाकून उठायचं त्यांच्या मनात होतं, पण चहावर राग काढण्यासारखं त्यात काही नव्हतं.

सटवाजींनी फाट्यावर ही गोष्ट चार जणांना सांगितली. तिसऱ्या दिवशी जलालुद्दीन आले आणि त्यांनी धर्मसिंगांचे दोन्ही हात धरले. "आमच्यासाठी तुमी घराचा सौदा सोडला. सख्खा भाऊ असता तर एवढं केलं नसतं." धर्मसिंगांनी तोंड उघडलं. दारात मोतीबाई वाट पाहत उभ्या होत्या. "चहा घ्या," धर्मसिंग म्हणाले. खरं सांगायची वेळ होती ती एवढीच, आणि ती अशी चहावर गेली.

कुलदीपने शेवटी आपल्यापुरती एक खोली घेतली. गोधड्या त्याच्याकडे एसटीच्या पार्सलने गेल्या. पंधरा दिवसांसाठी राहिलेल्या बिऱ्हाडाला बघता बघता दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत नाहिदसाठी आणखी दोन ठिकाणांहून लोक येऊन गेले, आणि जमलं नाही. त्यात धर्मसिंगांचा काही हात नव्हता. तरी प्रत्येक नकाराला त्यांची एक वेळची भाकरी राहायची.

एका दुपारी एक अनोळखी माणूस अंगणात आला. "घर विकाऊ आहे म्हने?"

धर्मसिंगांनी त्याचा चेहरा नीट पाहिला. कुठं उतरणार ते काही कळेना.

"मागं कोन राहतं?" माणसाने विचारलं.

"जलालुद्दीनशेठ," धर्मसिंग म्हणाले, आणि मग थांबले नाहीत. एक हाक दिली की चाळीस माणसं उभी राहतात. तहसीलदार नाव घेऊन बोलतो. सामान हलवायचं तर तीन ट्रक लागतील. पोरगी तर अशी गुणाची, की जिथं जाईल ते घर उजळून टाकील. पोरीचं कशासाठी चाललंय ते पाहुण्याला समजलं नाही, पण चाळीस माणसांचं समजलं. त्याने अर्धा चहा तसाच ठेवला. त्याला घरचं काम आठवलं होतं.

"तो घर घ्यायाच आल्ता," मोतीबाई आतून म्हणाल्या.

"असंल," धर्मसिंग म्हणाले. "पन नसता तर?"

नाहिद अंगणात कपडे काढत होती. हातातले कपडे दोरीवरच ठेवून ती ओसरीवरच्या कपबशा उचलायला आली. "काका, चाळीस मानसं कुठून आनू मी?"

धर्मसिंग हसले. ती मात्र हसली नाही.

"वसमतचे वखारवाले आले होते ना, त्या दिवशी मी खिडकीत होते."

धर्मसिंगांचं हसू तोंडावरच राहिलं. ते म्हणाले, "मंग बापाला काहून न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर अब्बानं त्याच दिवशी टेम्पो बोलावला असता." तिने बशीत सांडलेला चहा कपात ओतला. "आन् तुमी खोटं कुठं बोलले, काका? त्या दिवशी समदं खरंच बोलले. खोटं तर आज बोलले."

या दोन वर्षांत धर्मसिंगांनी माफीची पुष्कळ वाक्यं मनात जुळवून ठेवली होती. त्यांतलं एकही या उत्तराला लागू पडेना.

"आज बी खोटं न्हाई बोललो," शेवटी ते म्हणाले. "चाळीस मानसं हायती."

"कुठं?"

"आमच्या तांड्यावर. तुझ्या लग्नाला ट्रक भरून आनतो. ताडपत्री तेवढी तुझ्या बापाला बांधाया सांग."

नाहिदने कपबशा एकात एक ठेवल्या. मग "बराबर," म्हणाली आणि मागच्या खोल्यांकडे गेली. ती हसत होती की नाही, ते पाठीवरून धर्मसिंगांना ओळखता आलं नाही.