विनायकरावांचे पर्सूभाऊ

विनायकरावांच्या घरी गेलात, की पाण्याच्या आधी पर्सूभाऊंची ओळख व्हायची. पर्सूभाऊ म्हणजे बैठकीच्या भिंतीत बसवलेल्या संगमरवरी शिल्पातला ग्रीक वीर, पर्सियस. छावणीतल्या एका साहेबाच्या बंगल्यातलं सामान लिलावात निघालं, तेव्हा लोकांनी कपाटं घेतली, पंखे घेतले. आमच्या या घरमालकांनी ही शिळा घेतली. तिला टांग्यात बसवलं आणि स्वतः मागून चालत औरंगपुऱ्यात आले.

"सबुरीनं बघा," ते म्हणायचे. "पायांना पंख आहेत, पण मिजास नाही. राक्षस मारून खाली टाकलाय, आणि बाईला कड्यावरून कसं अदबीनं उतरवून घेतोय!"

मी चिकलठाण्याच्या कारखान्यात नवा लागलो होतो. विद्यापीठाच्या नामांतरावरून गाव पेटलेलं. माझं आडनाव ऐकलं, की रिकाम्या खोल्या एकाएकी भरायच्या. विनायकरावांनी आडनाव विचारलंच नाय. म्हणाले, "गोष्ट ऐकायचा कंटाळा नाही ना?" मी नाय म्हणालो आणि वरच्या खोल्यांची किल्ली मिळाली. त्या माणसाचे उपकार मी जन्मात विसरायचो नाय.

गोष्ट मात्र लई लांब! शिवाय रोज बदलायची. माझी बायको शांता एकदा म्हणालीच, "काका, परवा राक्षसाला शिंगं व्हती की!"

"परवा घाईत होतो," काका म्हणाले.

मग एका सकाळी गल्लीतली चार माणसं आली. "वरच्या भाडेकरूला काढा, नायतर तुमच्या दारात कुणी पाय ठेवायचं नाय."

"तशरीफ तर ठेवा," म्हणत काकांनी त्यांना बसवलं आणि पर्सूभाऊंच्या आजोबांपासून सुरुवात केली. राक्षस यायच्या आतच चौघं पळाले. आम्ही वर पोट धरधरून हसलो.

पण बोलल्याप्रमाणं त्या चौघांनी केलं. काकांकडं येणं-जाणं बंद झालं. पेपर वाचायला येणारे म्हातारे दोस्तसुद्धा येईनात. आमच्यापायी या माणसाला वाळीत का टाकायचं? आम्ही ट्रंक भरली आणि मी किल्ली द्यायला खाली गेलो.

किल्ली त्यांनी घेतलीच नाय. धापा टाकत जिना चढले आणि सरळ आमच्या ट्रंकेवर बसले. बराच वेळ गप्प. विनायकराव आणि गप्प!

"ते येत नाहीत, न येवोत," शेवटी म्हणाले. "तुम्ही गेलात तर 'काका, जेवलात का' असं मला विचारणार कोण?"

शांतानं पदरानं डोळे पुसले आणि कमरेवर हात ठेवला.

"मग उठा की ट्रंकेवरनं. परात आत हाय, भाकरी कशात मळू?"