ठेकेदार सुखदेव

अकोल्याच्या कोर्टात मी शपथेवर सांगितलं, की या चिठ्ठ्यांवरचं अक्षर माझं नाही. अक्षर माझंच होतं. ही कबुली आधीच देतो. सुखदेवच्या गमती सांगताना एवढाच भाग गाळायची मला सवय लागली आहे.

सुखदेव तायडे इंझोरीचा. वाशीमच्या ज्या मालकांकडे मी मुनीम होतो, त्यांचा ट्रक तो नऊ वर्षं चालवत होता. त्याला कुणी लिहिलेला कागद तो कधी फेकत नसे. मालकांच्या सांगण्यावरून मी त्याला चिठ्ठ्या पाठवी. 'मानोऱ्याहून सरकी भरणे.' 'उद्या दाढी करून येणे.' तो ओठ हलवत प्रत्येक चिठ्ठी दोनदा वाची आणि घडी घालून सीटखालच्या पत्र्याच्या डब्यात ठेवी.

"अबे, कायले जमा करून राह्यला हा कचरा?"

"राहू द्या ना मुनीमजी. कागद का खायाले मांगते?"

आणीबाणीच्या आदल्या वर्षी मालकांना कुणी तरी शहाणं केलं. ड्रायव्हर नोकर असला की कायदा मागे लागतो, ठेकेदार असला की लागत नाही. मी करारनामा लिहिला, सुखदेवने सही केली. सकाळचा ड्रायव्हर दुपारी ठेकेदार झाला. ट्रक मालकांचा, डिझेल मालकांचं, कुठे जायचं तेही मालक ठरवणार. ठेकेदाराचा स्वतःचा म्हणावा तर खांद्यावरचा दुपट्टा.

सुखदेवने मात्र ती पदवी फारच मनावर घेतली. मालकांनी हाक मारली की ट्रकच्या केबिनमधून उत्तर येई, "ठेकेदार जेवून राह्यले!" चहा पिताना मला विचारी, "मुनीमजी, ठेकेदारानं दाढी कवा कराव, हे बी मालकच सांगते काय?" मालक चिडत. मी तोंड वळवून हसे.

मग एकदा ब्रेक नीट लागत नसलेला भरला ट्रक न्यायला त्याने नकार दिला. मालक म्हणाले, "जा, ठेका संपला."

सुखदेव डबा घेऊन कोर्टात गेला. मी नोकरच होतो, मला कामावर परत घ्या, एवढंच त्याचं मागणं. त्याच्या वकिलाने विचारलं, ठेकेदाराला दाढी करून यायला कोण लिहितं? सगळं माझ्या अक्षरावर येऊन थांबलं, आणि मी माझी नोकरी वाचवली.

आमच्या वकिलाने त्याला दरडावलं, "खटला करायचा म्हणूनच जमवल्या ना चिठ्ठ्या?"

"नाही जी. मले दुसरं कोनीच लिहीत नाही. बायको गेली, लेकरू नाही. याच्यावर 'श्री. सुखदेव तायडे यांस' असं लिहेल राह्यते."

मागच्या बाकावर कुणी तरी हसलं. सुखदेवने न्यायाधीशांना विचारलं, "साहेब, काम झाल्यावर वापस भेटतीन ना?"

बाहेर पायऱ्यांवर मी त्याला चुकवून निघालो होतो. त्याने गाठलंच.

"मुनीमजी, तुमाले बी घरदार हाय, समजते मले. पन इतकं सुंदर अक्षर, अन् मानसानं आपलं नाही म्हनाव?"

पुढच्या तारखेला मी स्वतःहून उभा राहिलो. म्हणालो, "साहेब, एकूण एक चिठ्ठी मीच लिहिली." मालक ताडकन उठून गेले. ते गेले तेव्हाच माझीही नोकरी गेली, हे मला कळलं. मग मी सुखदेवकडे वळलो. नऊ वर्षं ज्याला अबे-तुबे केलं, त्याच्यापुढे भर कोर्टात हात जोडले.

"सुखदेवभाऊ, मी खोटं बोललो. मले माफ करा."